आस्प्रिनियोबरोबर रागू

शिडीवर असलेल्या माणसाला नावाने हाक मारायची नाही. ‘सांभाळ’ म्हणायचं नाही, ‘हळू’ म्हणायचं नाही, देवाचं नावसुद्धा मनातल्या मनात घ्यायचं. माझी सासू म्हणायची, "हाक मारली की माणूस खाली बघतो, आणि खाली बघितलं की खाली येतो." मग खाली उभ्या असलेल्या बाईने करायचं काय? तर आज जेवायला काय आहे ते ओरडून सांगत राहायचं. मोझारेला आहे, मांदेली आहेत, भोपळ्याच्या फुलांची भजी आहेत. वरच्याने द्राक्षं तोडता तोडता उत्तर द्यायचं. पदार्थ आमच्या आस्प्रिनियोबरोबर, म्हणजे घरच्या पांढऱ्या वाईनबरोबर, जात असेल तर "चालेल", नसेल तर सणसणीत शिवी. आवाज आला की समजायचं, माणूस आहे अजून.

अवेर्सा गावाच्या आमच्या बाजूला द्राक्षाची वेल पॉप्लरच्या झाडावर चढते, चांगली घराच्या कौलांच्याही वर. शहाण्या लोकांनी आता तारांवर कमरेएवढ्या वेली लावल्यात, गप्पा मारत तोडतात. माझा नवरा शहाणा नाही. सोस्सियो म्हणतो, खालच्या द्राक्षांची आस्प्रिनियो म्हणजे लिंबाचं पाणी. वरच्या वाऱ्यातली असली तरच ती तळणीचं तेल जिभेवरून साफ उतरवते आणि म्हशीच्या दुधाच्या मोझारेलाला उभं करते. असेल बाबा. मी तीच पिते आणि मलाही तीच आवडते. पण लग्नाला चाळीस वर्षं होत आली, दर ऑक्टोबरात माझा जीव टांगणीला लागतो, त्याचं काय? मी स्टुलावर चढून फडताळातला डबा काढत नाही. मला तेवढ्यानेही गरगरतं.

आणि शिडी ज्याची त्याचीच असते. हातभर रुंदीची, चेस्टनटच्या लाकडाची, आणि पायऱ्यांमधलं अंतर चढणाऱ्याच्या पायाचं माप घेऊन ठरवलेलं. वर पोचल्यावर तो एक गुडघा दोन पायऱ्यांमध्ये पाचरीसारखा ठोकून बसवतो, तेव्हा कुठे त्याचे दोन्ही हात मोकळे होतात. दुसऱ्याच्या मापाची शिडी म्हणजे मरणाला आवतण. म्हणून माणूस गेला की त्याची शिडी कापून भट्टीत घालतात. आणखी एका वेळी कापतात. चढणारा कधी तोंडाने ‘मला भीती वाटली’ म्हणाला, तर त्याच दिवशी, त्याच्यासमोर. मग तो पुन्हा चढत नाही.

माझ्या दिराची, एल्पिदियोची, अशी कापली होती. मिसरूडही फुटलं नव्हतं त्याला. सासऱ्यांनी, म्हणजे ताताने, सगळ्या गड्यांच्या देखत स्वतः करवत चालवली. तेव्हापासून एल्पिदियो खाली उभा राहून शिडीचा पाय दाबून धरतो आणि टोपल्या उतरवून घेतो. आणि सोस्सियो सख्ख्या भावाला ‘बटाटा’ म्हणतो. का, तर मातीत पिकतो म्हणून. इतकी वर्षं एकच विनोद, आणि दर वेळी हसणारा हा एकटाच.

त्या दिवशी सकाळपासून माझं चित्त ठिकाणावर नव्हतं. वारा सुटला होता, समुद्राकडून ढग येत होते, आणि झाडांची शेवटची रांग उरली होती. पाऊस लागला असता तर घड कुजले असते. मी तळायला बसले. एक भजं तेलात फाटकन फुटलं आणि मी दचकून मागे सरकले. उगाचच. मी तळण परडीत भरलं, मोझारेला तिच्या पाण्यासकट डब्यात घेतली, तळघरातल्या गुहेतून गार आस्प्रिनियोचा चंबू काढून ओल्या फडक्यात गुंडाळला आणि मळ्याकडे निघाले.

सोस्सियो वर होता. पानांतून त्याची फक्त टाच दिसत होती. दोराला बांधलेली टोपली सरसर खाली आली आणि टोकदार बुडावर मातीत खच्चकन रुतून उभी राहिली. एल्पिदियोने एक पाय शिडीच्या पायावर तसाच ठेवून ती ओतली आणि दोर हलवला. सगळं नेहमीसारखं. मग माझं लक्ष शिडीकडे गेलं.

शिडी काळी होती. सोस्सियोची तर पिवळी. ही काळी, खालच्या पायरीला लाल रंग फासलेली ताताची शिडी मला चांगली ठाऊक होती. ताता गेला त्या आठवड्यात ती भट्टीत जळाली होती. म्हणजे एल्पिदियोने आम्हाला तसं सांगितलं होतं.

"ही कुठून उपटली?" मी दातओठ खात विचारलं.

"वहिनी, हळू बोल."

"हळूच बोलतेय. कुठून आली ही?"

"कोठारात, गवताखाली होती." तो माझ्याकडे बघेना. "नाही जाळवली माझ्याच्याने. ताताच्या हातांनी गुळगुळीत झालीय ती. दुसरं काय राहिलंय त्याचं?"

"आणि ह्याची?"

"सकाळी पायरी तडकली. शिडी करणारा म्हातारा मागच्या साली गेला, नवी कोण करून देणार? मी म्हटलं दादाला, नको, राहू दे ही रांग. तर म्हणाला, बटाट्याला काय कळतं उंचीतलं."

"अरे, ताता केवढा उंच होता! ह्याच्या डोक्यावर हनुवटी टेकवायचा!"

"मला काय माहीत नाही?" एल्पिदियोचा आवाज रडवेला झाला. "पाय हलवला नाहीये मी इथून. सकाळपासून घोटभर पाणी प्यायलेलो नाही."

ओरडून त्याला खाली बोलवावं तर ओरडायचं नाही. शिव्या द्याव्यात तर शिव्या द्यायचा मान वरच्याचा. मी परडी खाली ठेवली आणि बाजारातल्या कोळणीसारखा आवाज लावला, म्हणजे त्यातली थरथर कळू नये.

"भोपळ्याच्या फुलांची भजी!"

"चालेल!" वरून आलं. खणखणीत.

"आत मोझारेला घातलीय! आणि मांदेलीचा तुकडा!"

"चालेल! मीठ कमी असेल तर परत पाठवीन!"

"खारवलेला कॉड मासा, तळून!"

"चालेल, चालेल!"

"तिसऱ्यांची स्पॅगेटी!"

"टोमॅटो घातला नसशील तर चालेल!"

मेल्याची मिजास बघा, मरणाच्या दारात लटकलाय आणि टोमॅटो नको म्हणे. मला क्षणभर हसू आलं. तेवढ्यात वाऱ्याने पानं बाजूला केली आणि त्याचा गुडघा दिसला. तो अडकत नव्हता. सोस्सियो तो पायऱ्यांमध्ये घालायचा, दाबायचा, आणि तो सुटून यायचा. शेवटी त्याने आख्खा पाय मांडीपर्यंत आरपार घातला आणि पाऊल खालच्या पायरीच्या मागे खुपसलं. मगच हात सोडून घड धरला. ताताच्या गुडघ्याला जेवढी फट लागायची, तिच्यात माझा नवरा निम्मा बुडाला होता.

टोपली पुन्हा वर गेली. खाली आली नाही.

वारा वाढला. पॉप्लर डोलायला लागला आणि त्याच्याबरोबर वेल, वेलीबरोबर शिडी. मी त्याच्या लाडक्या पदार्थाचं नाव घेतलं. "पावात मोझारेला भरलीय! अंड्यात बुडवून, तळून!"

उत्तर नाही.

"अंड्यात बुडवून!"

"चालेल." बारीक आवाज. त्याला ह्या पदार्थावर दरवर्षी चार वाक्यं बोलायची असतात. पाव शिळा हवा, तेल कडकडीत हवं, आस्प्रिनियो इतकी गार हवी की दात ठणकले पाहिजेत. त्यातलं एकही आलं नाही.

एल्पिदियोने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं नाही. मी छाती भरून हवा घेतली आणि ओरडले, "रागू!"

हे तुम्हाला सांगायला हवं. रागू म्हणजे डुकराच्या बरगड्या आणि सॉसेज टोमॅटोत दिवसभर रटरटवायचे, तेही रविवारी. त्याला लाल वाईन लागते, दाट, काळपट. आस्प्रिनियोबरोबर रागू हा आमच्या घरात पदार्थ नाही, शिवी खायचं निमित्त आहे. सासू दरसाल एकदा मुद्दाम विचारायची. वरून ताता तिच्या माहेरच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा आणि सगळी रांग हसून घ्यायची.

"रागू आहे! बरगड्यांचा!" मी पुन्हा ओरडले.

नुसती पानं वाजत होती.

"चालेल," वरून आलं.

एल्पिदियो फिसकन हसला. "ऐकलंस वहिनी? दादाला म्हातारचळ लागला. रागू चालेल म्हणे!"

मी हातांचा कर्णा केला. "काळीज आहे! लसणीत परतलेलं, लाल मिरची घालून!"

"चालेल." आणि मग, जरा थांबून, "आज सगळं चालेल."

हा आवाज मी उभ्या जन्मात ऐकला नव्हता. आमची पहिली पोर जन्मतानाही नाही, ताताला मातीत ठेवतानाही नाही. मी चपला काढल्या आणि झग्याचा घेर कमरेला खोचला.

"काय करतेस?" एल्पिदियो म्हणाला.

"वर जाते."

"वेड लागलं काय? मी जातो!"

"तू शंभर किलोचा धोंडा. आणि शिडी कोण धरणार, मी? मी शिडीसकट उडून जाईन."

"आगीच्या बंबवाल्यांना फोन..."

"ते अवेर्साहून येईपर्यंत काय, भजी खात बसायचं? घट्ट धर. आणि तोंडातून चकार शब्द काढू नकोस."

मी चढले. कशी ते विचारू नका. ताताच्या मापाच्या पायऱ्या, माझे पाय हे एवढे. प्रत्येक पायरीला हातांनी लोंबकळून वर ओढून घ्यायचं, मग पोट टेकवायचं, मग पाय शोधायचा. डोळे मिटून घेतले तर शिडी जास्तच हलायची, उघडले तर पानांमधून आभाळ पळताना दिसायचं. मी दोन्ही करून बघितलं. एक गांधीलमाशी माझ्या मनगटावर बसून द्राक्षाचा रस पुसल्यासारखी चालत होती आणि तिला झटकायला माझ्याकडे हात नव्हता. मध्यावर आल्यावर शिडीने कमरेत बाक घेतला. लाकूड कुरकुरलं. मला वाटलं, संपलं. चार थेंब मुतले मी तिथे, सांगायला लाज कसली. पण तोंड चालू ठेवलं. "मांदेली," मी पुटपुटत होते, "माकूल, मांदेली, कॉड, मांदेली." दुसरं काही आठवतच नव्हतं.

मग डोक्याला त्याचा बूट लागला.

"कोण आहे?" वरून दबका आवाज.

"तुझी मावशी. भजी गार होतायत."

"इम्मा? अगं, खाली जा! मोडेल ती!"

"आधी तू."

त्याने वरची पायरी पुन्हा घट्ट धरली. मग म्हणाला, "पाय मेलाय. आहे की नाही तेच कळत नाही. पायरीच्या मागे रुतलाय. हात सोडून ओढावा तर मी पडतो, नाही ओढावा तर..." आणि मग, आणखी हळू, "एल्पिदियोला कळू देऊ नकोस."

‘मर मेल्या’ अगदी जिभेवर आलं होतं. एरवी दिवसातून दहा वेळा म्हणते. तिथे तो शब्द उच्चारायची माझी छाती झाली नाही.

मी एका हाताने शिडी कवटाळली आणि दुसऱ्या हाताने त्याच्या बुटाची नाडी ओढायला लागले. एका हाताने गाठ सुटेना. शेवटी दातांनी गाठ सोडवली. बूट मोकळा झाला आणि निसटून खाली गेला. किती वेळ तो पडत राहिला! मग धप्प. खालून एल्पिदियोचा आवाज आला, खाटकाकडे ओढत नेलेल्या वासरासारखा. "दादा! दादा!" सगळे नियम मोडून तो ओरडत होता.

"बूट आहे!" मी किंचाळले. "नुसता बूट आहे! शिडी धर!"

अनवाणी पाऊल गार होतं. मी ते तळव्याने मागून रेटलं. सोस्सियो कळवळला, पण पाऊल सरकलं, मग घोटा, मग मांडी पायऱ्यांमधून बाहेर आली. आणि तेवढ्यात वाऱ्याचा एक झोत आला आणि शिडीचं वरचं टोक वेलीवरून एका बाजूला घसरलं. फार नाही, वीतभर. घडांचा पाऊस पडला आमच्यावर. मी त्याची पोटरी मिठीत घेतली, माझा आधार तोच आणि त्याचा मी. शिडी एका फांदीला अडून थांबली.

"उतर," मी म्हटलं. "मेला पाय माझ्या खांद्यावर ठेव."

तसे आम्ही उतरलो. त्याचं पाऊल माझ्या खांद्यावर, मी एक पायरी खाली, मग मी ते पाऊल धरून पायरीवर लावायचं, मग पुन्हा खांद्यावर. मी मांदेली म्हणत होते आणि तो "चालेल" म्हणत होता. दोघांनाही दुसरं काही बोलायचं सुचत नव्हतं. तळव्याला माती लागली तेव्हाही मी शिडी सोडली नाही. एल्पिदियोने माझी बोटं एकेक करून सोडवली. त्याच्या स्वतःच्या तळहातांतून रक्त येत होतं, लाकूड रुतून.

आम्ही झाडाखाली बसलो. सोस्सियो मेलेला पाय चोळत होता, त्यात मुंग्या यायला लागल्या तसा तोंड वाकडं करत होता. मी परडी उघडली. कुणाचाच हात पुढे येईना. एल्पिदियोने आस्प्रिनियो ओतली, तिघांना. चंबूचं तोंड पेल्यावर किणकिण वाजत होतं. आंबट, गार घोट घशाखाली गेला आणि माझी दातखीळ सुटली. मग आम्ही खायला लागलो, अधाशासारखे, गार भजी, गार कॉड, बोटांनी मोझारेला तोडून. सोस्सियो मान खाली घालून खात होता.

एल्पिदियोला ते सोसवेना. भावाला जरा बरं वाटावं म्हणून तो म्हणाला, "पण दादा, काहीही झालं तरी रागू? आस्प्रिनियोबरोबर? म्हातारचळच हा!"

दार उघडून दिलं होतं त्याने. सोस्सियोने नुसतं हसायचं होतं आणि बटाटा म्हणायचं होतं. मीसुद्धा मनात म्हणत होते, हस मेल्या, हस आणि सोडून दे.

सोस्सियोने पेला खाली ठेवला. "म्हातारचळ नाही," तो म्हणाला. "मला भीती वाटली. तुझ्यादेखत कसं सांगणार? म्हणून रागू चालेल म्हटलं. हिला कळेल म्हटलं."

वारा पडला होता. सगळं अगदी स्वच्छ ऐकू येत होतं. एल्पिदियो हातातल्या पावाकडे बघत बसला.

"वारा होता दादा," तो शेवटी म्हणाला. "मला काही ऐकू आलं नाही."

सोस्सियोने त्याच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत ह्या दोघांना असं एकमेकांकडे बघताना मी पाहिलं नव्हतं.

"मग पुन्हा सांगतो," तो म्हणाला, आणि मळ्याच्या पार टोकापर्यंत जाईल अशा आवाजात ओरडला, "मला भीती वाटली! जा, करवत आण."

एल्पिदियोने दोन्ही शिड्या कापल्या, आधी ताताची आणि मग भावाची. कापताना तो हुंदके देत होता आणि करवत वाकडी चालत होती. चाळीस वर्षं मी ह्या दिवसासाठी देवळात मेणबत्त्या लावल्या होत्या. मला तिकडे बघवलं नाही. मी भांडी आवरत राहिले.

रांगेतले उरलेले घड पक्ष्यांनी खाल्ले. रविवारी मी पहाटेच चुलीत चेस्टनटचे तुकडे घातले, तो लाल रंगाचा सुद्धा, आणि त्यावर बरगड्यांचा रागू चढवला. दुपारी एल्पिदियो जेवायला आला. टेबलावर मी लाल वाईन ठेवलीच नाही, आस्प्रिनियो ठेवली. दोघांनी एकदा बाटलीकडे बघितलं आणि एकदा माझ्याकडे. मग सोस्सियोने रागूचा घास घेतला, वरून मोठा घोट घेतला आणि डोळे मिटले.

"कसं लागतंय?" एल्पिदियोने विचारलं.

"घाण," सोस्सियो म्हणाला आणि रिकामा पेला भावापुढे केला. "भर."